उस्मानभाईंचा दुसरा दरवाजा

कुठल्याही घरात पाऊल टाकण्याआधी उस्मानभाई एकच प्रश्न विचारत, "दुसरा दरवाजा कुठं हाय?"

घर कुणाचं, आत कोण बसलंय, आपल्याला कशाला बोलावलंय, ह्यातलं काहीही कळण्याआधी त्यांना हे कळायला हवं असे. चहा प्यायला हॉटेलात गेलो तरी आधी मागची बाजू बघून यायची आणि मग खुर्ची ओढायची. एकदा दाढ काढायला डॉक्टरकडे गेले आणि तिथे दुसरा दरवाजा नाही असं कळल्यावर ठणकती दाढ तशीच घेऊन परत आले. वर मलाच म्हणाले, दाढ दुखून दुखून किती दुखणार?

त्यांची माझी पहिली भेट मुंबईहून कुवेतला निघालेल्या बोटीच्या डेकवर झाली. पंचावन्न-छप्पन्नचा सुमार असेल. मी पेणचा. अहमदीच्या तेलकंपनीत टायपिस्टची नोकरी लागली म्हणून आईच्या हातचे पोह्याचे पापड घेऊन निघालेला. माझ्या शेजारी सतरंजी टाकून बसलेला हा गृहस्थ दापोलीकडचा. पन्नाशीला टेकलेला, किरकोळ अंगाचा, डोक्यावर काळी टोपी आणि पोटाशी दोरीने घट्ट बांधलेली एक लांबट लाकडी पेटी. पेटीत काय आहे, असं मी विचारलं.

"फिडल," ते म्हणाले.

मग ते पोटाला का बांधलंय?

"लाकूड बुडत नाय, भाऊ."

समुद्रकाठी जन्मलेल्या माणसाला समुद्राची इतकी भीती मी आजवर पाहिली नाही. बोटीवरच्या एका खलाशालाही त्यांनी दुसरा दरवाजा कुठे आहे म्हणून विचारलं. त्या द्वाडाने मुकाट्याने पाण्याकडे बोट दाखवलं. तेव्हापासून कुवेत येईपर्यंत उस्मानभाई डेकच्या बरोबर मधोमध बसून राहिले. नमाजाला काय ते उठायचे.

मी स्वतः काही शूर नव्हे. साहेबाने घंटी वाजवली की टाइप केलेला कागद मी चार वेळा वाचायचो आणि मगच आत जायचो. पण भित्र्या माणसाला आपल्याहून भित्रा माणूस भेटला की त्याच्यावर जीव जडतो. माझंही तसंच झालं असावं. दर शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, मी अहमदीहून बस पकडून शहरात त्यांच्याकडे जाऊ लागलो.

उस्मानभाई शिलाई मशीन दुरुस्त करत. दुकान नव्हतं. सायकलला मागे दोन पेट्या बांधलेल्या, एकीत हत्यारं आणि दुसरीत फिडल. हे वाद्य, म्हणजे आपलं व्हायोलिन, ते तरुणपणी मुंबईच्या गोदीत एका गोवेकराकडून शिकले होते आणि मांडी घालून, छातीशी धरून वाजवत. कधीतरी त्याच्या खुंट्या फिरेनात म्हणून त्यांनी मशीनचं तेल घातलं. झालं, खुंट्या कायमच्या सैल झाल्या. वाजवता वाजवता सूर हळूहळू खाली घसरायचा. ते म्हणायचे, सूर भ्यायलाय, जरा धीर द्यायला पायजे, आणि खुंटी पिळून पुन्हा सुरू करायचे.

त्यांना कशाकशाची भीती वाटे हे सांगत बसलो तर पान पुरायचं नाही. कुत्र्यांची, पोलिसांची, टेलिफोनची, बर्फाच्या पाण्याची. डोक्यावरच्या पंख्याची तर फार. पंखा निसटून पडेल म्हणून कुवेतच्या त्या भट्टीसारख्या उन्हाळ्यातही ते खोलीच्या कोपऱ्यात घाम पुसत बसायचे आणि आम्हाला वाऱ्याखालून उठा म्हणून विनवायचे. "मना भ्या वाटतंय" हे वाक्य ते इतक्या साधेपणाने म्हणायचे, जसं दुसरा कुणी मला भूक लागलीय म्हणेल.

आणि असा हा माणूस सगळ्या शहरभर, जिथे जिथे म्हणून वाद्य वाजे, गाणं होई, माणसं नाचत, तिथे तिथे हजर! आमंत्रण असो वा नसो. गाणं कुठे होणार हे त्यांना सगळ्यांच्या आधी कळे, आणि ते कसं हे मला फार उशिरा उमगलं. लग्न ठरलं की त्या घरात कपडे शिवायला बसतात. मशीन सकाळपासून संध्याकाळपर्यंत चालतं आणि मग बिघडतं. बिघडलं की उस्मानभाईंना बोलावणं. ते सुई बदलता बदलता विचारून घेत, लग्न कधी, कुठे, वाजवणारे कोण. सबंध शहरातल्या लग्नांची बातमी त्यांच्या तेलकट बोटांवर असायची. मग त्या दिवशी फिडलची पेटी घेऊन हे हजर, आणि सोबतीला मी. कारण एकटं जायची भीती. दोघांना एकदम कोण मारत नाय, असा त्यांचा हिशेब होता.

मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही, हे इथेच सांगून टाकतो. पण त्यांच्यामुळे मी काय काय पाहिलं! अहमदीला साहेबांच्या नाचाला गोवेकरांचा बँड वाजे, तो आम्ही स्वयंपाकघराच्या पायरीवर बसून ऐकला. आपल्या रत्नागिरीकडच्या मंडळींचा डफ ऐकला. आफ्रिकेकडून आलेल्यांचा ढोल ऐकला, त्याने तर माझीच छाती धडधडू लागली. एकदा शहराबाहेरच्या मैदानात लग्नाचा तलवारींचा नाच होता. दोन रांगा समोरासमोर, हातात नागव्या तलवारी, मागे ढोल. उस्मानभाई मैदानाच्या कडेला खिळले.

"भाऊ, हितं पयला दरवाजाच नाय," ते पुटपुटले. "दुसरा कुठं विचारू?"

तरी हलले नाहीत. नाच संपेपर्यंत पेटी तोंडापुढे ढालीसारखी धरून, तिच्यावरून एक डोळा काढून बघत राहिले. भीती वाटते तर येता कशाला, असं मी चिडून विचारलं. ते म्हणाले, "घरी जास्त वाटतंय." मी ते हसण्यावारी नेलं.

सगळ्यांत जास्त रमायचे ते दस्मानच्या बाजूला, समुद्राजवळच्या एका जुन्या घरात. घर एका म्हाताऱ्या नाखुदाचं, म्हणजे गलबताच्या कप्तानाचं. बू राशिद असं त्यांना सगळे म्हणत. शिडाची गलबतं बंद पडत चालली होती. जुने खलाशी कुणी पहारेकरी झाले होते, कुणी कंपनीत पाइप उचलत होते. पण शुक्रवारी दुपारची नमाज झाली की ते ह्या घरी जमत, भिंतीला टेकून बसत आणि दर्यावरची गाणी म्हणत. गाणारा एक, आणि बाकीचे पोटातून असा काही खर्ज लावत की खालची चटई थरथरायची.

पहिल्या दिवशी आमचा जीव जायचाच बाकी होता. बू राशिदनी स्वतः दारात येऊन आमचं स्वागत केलं. माल आणायला कोकणाच्या बंदरांत त्यांनी आयुष्यभर खेपा केलेल्या, त्यामुळे त्यांना कामापुरती हिंदी येत होती. उस्मानभाईंनी सलाम केला आणि त्याच दमात विचारलं, "दूसरा दरवाज़ा किधर है?"

बैठकीतल्या सगळ्या माना आमच्याकडे वळल्या. तिथल्या घरांना दोन दारं असतात. एक पुरुषांच्या बैठकीचं आणि दुसरं बायकांच्या अंगणाचं. परक्या पुरुषाने त्या दुसऱ्या दाराची नुसती चौकशी करणं म्हणजे काय, हे माझ्या लक्षात आलं आणि मी काढलेल्या चपला शोधू लागलो. बू राशिदनी उस्मानभाईंकडे नीट पाहिलं. त्यांचे थरथरणारे हात पाहिले, पोटाशी धरलेली पेटी पाहिली. मग शांतपणे खिडकी दाखवली.

"तेरे वास्ते ये."

उस्मानभाई खिडकीखाली जाऊन बसले. ती त्यांची कायमची जागा झाली.

त्याच दिवशी दुसरा घोटाळा झाला. गाणी झाली, कॉफी झाली, आणि एक माणूस जळत्या निखाऱ्यावर ऊद टाकलेलं भांडं घेऊन एकेकापुढे फिरू लागला. आपल्या कोकणी मुसलमानांच्या घरी आधी लोबान लावतात आणि मग मौलूद, म्हणजे पैगंबरांच्या स्तुतीची गाणी, म्हणायला बसतात. धूर निघाला म्हणजे आता सुरू. उस्मानभाई सरसावून बसले, पेटी उघडली आणि फिडल छातीशी धरून वाजवायला लागले.

कुवेतमध्ये ऊद शेवटी फिरतो. दाढीला, डोक्याच्या रुमालाला सुवास घ्यायचा आणि उठायचं. सगळे उठले होते, काही जणांच्या पायांत चपलासुद्धा सरकल्या होत्या. आणि हे खाली मान घालून वाजवताहेत! भीतीने उजवा हात लटपटत होता, आणि त्या लटपटीने सुराला असा काही कंप आला की दारापर्यंत गेलेला एक म्हातारा खलाशी थांबला, मान डोलवू लागला, आणि परत येऊन बसला. त्याचं बघून बाकीचे बसले. टाळ्या सुरू झाल्या, एकाच्या टाळीच्या मधल्या फटीत दुसऱ्याची टाळी. दोघे जण उठून गुडघे वाकवत नाचले. मघाशी आटोपलेली बैठक पुन्हा भरली.

दुसऱ्या शुक्रवारी पुन्हा तेच. तिसऱ्याही. ऊद आला की फिडल बाहेर. मी परोपरीने समजावलं, अहो, ही निघण्याची खूण आहे. ते माझ्याकडे भोळेपणाने बघत आणि म्हणत, "आसा? मना कळत नाय हो, हितल्या रीती." पुढच्या शुक्रवारी परत वाजवायचे. त्या मंडळींना ह्या येड्या मशीनवाल्याची इतकी सवय झाली की ऊद फिरायला लागला की लोक चपलांकडे न बघता त्यांच्याकडेच बघून हसू लागले.

अशी वर्षं गेली. मग कुवेत स्वतंत्र झालं तो एकसष्टचा उन्हाळा आला. झेंडे लागले, मिठाई वाटली गेली, आणि ती तोंडात विरघळते न विरघळते तोच इराकच्या रेडिओवरून सांगू लागले की कुवेत आमचंच आहे. उत्तरेकडे फौज जमतेय अशी आवई उठली. कुवेतच्या मदतीला ब्रिटिश फौज बंदरावर उतरली. बाजारातली अर्धी दुकानं बंद, पिठाच्या दुकानापुढे झुंबड. रात्री कुठे मोटारीचं दार आपटलं तरी आमच्या क्वार्टरमधली सगळी मंडळी अंथरुणात उठून बसायची. मी तर बूट घालूनच झोपत असे. आपण इथे परक्या मुलखात मेलो तर पेणला आईला कोण सांगणार, एवढा एकच विचार डोक्यात फिरे.

माझा एक मावसभाऊ बोटकंपनीच्या एजंटाकडे होता. त्याने धडपड करून शनिवारच्या बोटीवर दोन जागा मिळवल्या. एक माझी आणि एक उस्मानभाईंची. पंख्याला घाबरणारा माणूस फौजेपुढे कसला टिकतोय! शुक्रवारी सकाळीच त्यांच्या खोलीवर गेलो आणि सामान बांधा म्हणालो. ते मशीनचा एक भाग पुसत बसले होते.

"आज बैठक हाय," ते म्हणाले.

मी संतापलो. बैठकीला कोण येणार आहे, लोकांना जिवाची पडलीय. त्यांनी ऐकून घेतलं, पेटी उचलली आणि निघाले. मी मागोमाग गेलो. त्यांना बांधून बोटीवर न्यायची वेळ आली असती तरी नेलं असतं, अशा तयारीने.

बैठकीत मोजकीच माणसं होती. कोपऱ्यात रेडिओ हळू आवाजात चालू. बू राशिदचा धाकटा मुलगा शिपाई होता आणि त्याला सरहद्दीकडे पाठवलं होतं. म्हातारा रेडिओकडे कान लावून बसला होता. कुणी गायला तयार नव्हतं. एकाने खर्ज लावून पाहिला, पण जोडीला दुसरा कुणी आला नाही. एक जण उठून गेला, थोड्या वेळाने आणखी एक, सलामही न करता. उस्मानभाई प्रत्येक जाणाऱ्याकडे बघत होते. मी त्यांच्या तोंडावर भीती नेहमीच पाहिलेली, पण ही वेगळी होती. लहान मूल जत्रेत चुकलं की त्याच्या तोंडावर दिसते तशी.

शेवटी बू राशिदनी वेळेच्या आधीच ऊद आणायला सांगितला. आपापल्या पोराबाळांत जा, असं काहीसं बोलले. निखाऱ्यावर धूर उठला.

उस्मानभाईंनी पेटी उघडली.

कुणी हसलं नाही. मला वाटलं, आता नक्की कुणीतरी ह्यांच्या अंगावर जाणार. मी त्यांचा दंड धरला. त्यांनी तो सोडवून घेतला आणि वाजवायला लागले. ह्याच लोकांकडून उचललेलं, शीड ओढतानाचं गाणं. सूर घसरला, खुंटी पिळली, पुन्हा घसरला, पुन्हा पिळली. बू राशिद उभे होते. बराच वेळ उभे राहिले. मग त्यांनी जाऊन रेडिओ बंद केला, उदाचं भांडं चटईच्या मधोमध ठेवलं आणि त्याच्याशेजारी खाली बसले. पोटातून खर्ज लावला. एकट्याचाच होता, मोडका होता. मग दुसऱ्याचा आला, तिसऱ्याचा आला. गाता गाता म्हाताऱ्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते त्याने पुसलं नाही. मला गाण्यातलं कळत नाही, पण तेवढा वेळ मला कशाचीच भीती वाटली नाही, हे खरं आहे.

सूर्य मावळताना आम्ही समुद्राच्या रस्त्याने परत निघालो. उस्मानभाई अर्थातच पाण्यापासून लांबच्या कडेने. मी विचारलं, इतकी वर्षं झाली, ऊद फिरला म्हणजे उठायचं असतं, हे तुम्हाला खरंच कळलं नाही?

"पयल्या दिशी नव्हतं कळलं," ते म्हणाले. "मग कळलं."

थोडं चालल्यावर आपणहून बोलू लागले. "आमच्याकडं जहाजावर जाणारा माणूस पुढल्या दारानं जात नाय, भाऊ. पोरं रडतात, पाय धरतात. म्हणून पुढल्या खोलीत माणसं जमवायची, लोबान लावायचा, मौलूद सुरू करायचा. आणि त्यानं मागल्या दारानं, वाडीतनं बंदरावर जायचं. बापूस तसाच गेला. मी लोबानाजवळ बसून गात होतो. मोठ्यानं गात होतो. मना वाटलं, बापूस मागं बसून ऐकतोय."

मी चालायचा थांबलो. परत आले का, असं विचारलं.

"नाय. माणसं पळून जायला दुसरा दरवाजा शोधतात, तुमी पण तसंच समजलात. मना पळायचं नाय. मना बघायचं असतंय, माणसं कुठनं जातात ते." मग पेटी ह्या हातातून त्या हातात घेतली. "मी बोटीवर येत नाय. उद्या म्हाताऱ्याकडं कोण बसणार? तुमी जा. पण पुढल्या दारानं जा. सांगून जा."

मी गेलो. राहायची हिंमत माझ्यात नव्हती, आणि त्यांनी ती माझ्याकडे मागितलीही नाही. शनिवारी सकाळी धक्क्यावर इतकी गर्दी की पाय ठेवायला जागा नाही. बोटीची शिडी चढून वर आलो आणि खाली पाहिलं तर उस्मानभाई! समुद्राला भिणारा हा माणूस धक्क्याच्या अगदी कडेला आला होता. एका हाताने लोखंडी खांबाला मिठी मारलेली आणि दुसऱ्या हातात फिडल वाजवायची काठी. खांब सोडायची हिंमत नव्हती, त्यामुळे वाजवता येत नव्हतं. म्हणून नुसती काठी हलवत होते. बोट लांब गेली, माणसं दिसेनाशी झाली, तरी ती काठी मला हलताना दिसत होती, किंवा तसं वाटत होतं. त्यांना आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी सांगून जाताना पाहायला मिळालं असावं, आणि ते त्यांना शेवटपर्यंत पाहायचं होतं.

लढाई झाली नाही. थंडी सुरू झाल्यावर कंपनीने बोलावलं आणि मी परत गेलो. पहिल्याच शुक्रवारी दस्मानला जाऊन पोचलो. बू राशिदचा मुलगा धडधाकट परत आला होता. कॉफीचं भांडं घेऊन तोच फिरत होता. बैठक भरलेली, खिडकीखाली उस्मानभाई. मला पाहताच त्यांनी आधी मी ज्या दारातून आत आलो त्याच्याकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे.

गाणी झाली. ऊद फिरला. मी सवयीने उठायला गेलो, तर शेजारच्या खलाशाने माझा हात धरून खाली बसवलं. कुणीच उठलं नव्हतं. बू राशिदनी माझ्याकडे वळून त्यांच्या मोडक्या हिंदीत सांगितलं, "ये ऊद उस्मान का. जाने का ऊद बाद में आएगा."

उस्मानभाईंनी पेटी उघडली आणि खुंटी पिळायला घेतली. त्यांचे हात नेहमीसारखेच थरथरत होते.